मार्चमधली सही

चिलुंगा, सरोवरकाठ
२३ ऑगस्ट १९९८

लोंबे यास मामीचा आशीर्वाद.

तुला आता लोंबे म्हणावं की कपेम्ब्वा, हे माझं अजून ठरत नाही. जूनमध्ये तुला चटईवर बसवलं, मामाचा पट्टा तुझ्या कमरेला बांधला, पाणी पाजलं आणि सगळ्या गावाने तुला मामाच्या नावाने हाक मारली. माझ्या मुली तुला बाबा म्हणायला लागल्या. योग्यच आहे, मामाचं नाव भाच्यावर चढतं ही आपली रीत. पण ज्या माणसाशी मी सव्वीस वर्षं भांडले त्याचं नाव पाकिटावर लिहून बसच्या कंडक्टरकडे द्यायला माझा हात धजत नाही. म्हणून लोंबे. आणि हो, नाव चढलं म्हणून मी तुझ्यापुढे गुडघ्यावर बसून कसाव्याच्या पिठाची न्शिमा वाढेन, असं समजू नकोस.

पत्राचं कारण दुसरंच आहे. बुधवारी शेजारच्या चोलाला ताप भरला. चार वर्षांची पोर, डोळे वर गेलेले. तिची आई घाबरून नुसती रडत होती, म्हणून मी पोरीला पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं. चिसांगा साहेब टेबलामागे बसले होते.

"हिवतापाच्या गोळ्या संपल्या, बाई. पुढच्या महिन्यात या."

"तापाला सांगून बघते पुढच्या महिन्यात ये म्हणून," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

त्यांच्यासमोर एक छापील कागद होता. मला वाचायला कसं आलं, तुला ठाऊक आहे. तुझा मामा टेबलाच्या त्या बाजूला पेपर वाचायचा आणि मी या बाजूला बसून शेंगा सोलायची. त्यामुळे मला अक्षरं उलटी आधी आली, सुलटी मागून. समोरच्याच्या हातातला कागद मी सहज वाचते, हे अजून या गावात कुणाला माहीत नाही. कागदावर लिहिलं होतं: पेटी सीलबंद मिळाली, साक्षीदारासमोर उघडली, औषधं पूर्ण. साक्षीदार, कपेम्ब्वा. तारीख, ११ मार्च १९९८.

तुझ्या मामाला आपण १९ नोव्हेंबरला पुरलं. मार्चमध्ये पेटी बघायला तो कुठून आला?

गावाच्या आरोग्य समितीचा माणूस म्हणून हे काम त्याने नऊ वर्षं केलं. पेटीचं सील त्याच्यादेखत तुटायचं, डबे मोजून व्हायचे, मगच सही. त्या दिवशी धुतलेला शर्ट घालायचा. मी विचारायची, पेटीशी लग्न आहे का.

तू आता मानसाला आरोग्य खात्याच्या कोठारात ड्रायव्हर आहेस. या कागदांच्या मूळ प्रती तिथेच जमा होतात. नोव्हेंबरनंतरचे किती आहेत तेवढं बघून कळव. घाई कर.

तुझी मामी,
फोस्टिना


मानसा
६ सप्टेंबर १९९८

मामी, गुडघे टेकून, टाळी वाजवून नमस्कार.

पत्र मिळालं. चोला बरी असेल अशी आशा आहे. कंडक्टरबरोबर साबण आणि साखर पाठवली आहे.

कागदांचं म्हणशील तर ते आतल्या खोलीत असतात. ड्रायव्हरला तिथे कोण जाऊ देतो? मला वाटतं, कारकुनाने जुना कागद बघून नवा उतरवला असेल आणि नावही उतरलं असेल. असं होतं. मेलेल्या माणसाचं नाव भांडणात ओढलं तर त्याला झोप लागत नाही, हे तूच मला लहानपणी सांगायचीस.

माझी नोकरी अजून कच्ची आहे. सहा महिने पूर्ण व्हायला चार बाकी आहेत. एडिनाला आठवा महिना लागला. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे.

मामी, तू एकटी राहतेस. चिसांगा साहेबांच्या ओळखी वरपर्यंत आहेत. सोडून दे.

लोंबे


चिलुंगा
१५ सप्टेंबर १९९८

लोंबे,

साबण मिळाला. साखर अर्धी मिळाली, कंडक्टरला चहा लागतो.

माझी काळजी करतोस ते कळलं. करू नकोस. सापाला घाबरायचं वय होतं तेव्हा घाबरून झालं.

चोला वाचली. तिच्या आईने दोन कोंबड्या देऊन बाजारातल्या टपरीवरून गोळ्या आणल्या. डबा मी हातात घेऊन पाहिला. सरकारी शिक्का दगडाने घासला होता, पण कडेची दोन अक्षरं उरली होती. सरोवरापलीकडे लढाई पेटल्यापासून होड्या भरभरून औषधं तिकडे जातात, उरलेली आपल्याच बाजारात येतात. दवाखान्यात मात्र फळ्यावर खडूने "संपले".

मी परत चिसांगाकडे गेले आणि सरळ विचारलं, मार्चमध्ये सही कुणी केली?

"समितीत कपेम्ब्वा आहे, कागदावर कपेम्ब्वा आहे," ते म्हणाले. "तुम्ही दुसरा माणूस दिलात का कधी? मग?"

"तो मेला, साहेब. तुम्ही पुरायला आला होतात. दोन वेळा जेवलात."

"बाई, फार उकरू नका. उकरलं की घरचंच हाड वर येतं."

ही धमकी तुझ्या मामाला आहे, मला नाही. दोन दिवसांत बाजारात बोलणं सुरू झालं. मासे निवडताना मासेवाली मला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हातारा तरी काय, नऊ वर्षं उगाच धुतलेला शर्ट घालत होता का? वाटा असेल." मी मासे तिथेच ठेवले आणि घरी आले. लोंबे, त्याने माझ्यासाठी घर ठेवलं नाही, होडी ठेवली नाही, रीतीप्रमाणे ते सगळं तुमच्या कुळात गेलं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मला त्याच्याकडून एकच गोष्ट मिळाली, की मी खऱ्या माणसाची बायको होते. तीसुद्धा हे आता होडीत घालून पलीकडे विकणार असतील, तर मी विकू देणार नाही.

तर ऐक. मी भ्रष्टाचारविरोधी कचेरीला पाच ओळींचं पत्र लिहिलं. त्यांच्या कासोंडे बाई येणार आहेत. गावप्रमुखांनी १७ ऑक्टोबर, शनिवार, अशी सभा ठरवली आहे. चिसांगा येणार, सगळं गाव येणार.

मला तो मार्चचा कागद हवा. मामाची सही मी डोळे मिटून ओळखेन, शेवटचं अक्षर तो नांगरासारखं खाली ओढायचा. त्या कागदावरची सही नीट शाळेत शिकलेल्या हाताची होती. कुणाची, तेवढं शोधून काढ.

मामी


मानसा
२७ सप्टेंबर १९९८

मामी,

शोधायला नको. सही माझी आहे.

तीन दिवस हे एकच वाक्य लिहून फाडतो आहे. आता पुढचं लिहितो.

नाव चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर बसची वाट बघत होतो. पट्टा कमरेला होता. चिसांगा गाडी घेऊन आले, उतरले, आणि मला, माझ्यासारख्या पोराला, टाळी वाजवून नमस्कार केला. "कपेम्ब्वा," म्हणाले, "मामांचं काम आता तुमचं. समितीचे कागद खोळंबलेत." गाडीच्या बॉनेटवर नऊ कागद ठेवले. वरच्या ओळी कोऱ्या होत्या, तारखा कोऱ्या. मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "पेट्या येतील तशा भरू. दर वेळी तुम्हाला मानसाहून कुठे बोलवायचं?"

मामी, मामाची जाळी माझ्याकडे आली, त्याच्या मुली माझ्या मुली झाल्या, त्याने कुणाला दिलेला शब्दही मी पाळायचा. मला वाटलं हेही त्यातलंच. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. त्या नावाने मला साहेबाने पहिल्यांदा हाक मारली होती. नऊ सह्या केल्या. ठळक केल्या.

जुलैत या नोकरीचं पत्र आलं. तेव्हा वाटलं, नाव फळलं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा कळलं की नाव विकलं गेलं, आणि किंमत मी खिशात घालून फिरतोय. त्यांनी मागच्या तारखा घातल्या. त्याच्या उत्तरात मी तुझ्याशी खोटं बोललो. कागद मी पाहिले आहेत. नऊच्या नऊ भरलेत, डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत.

आता काय करू ते सांग. फक्त सभेला ये म्हणू नकोस. नोकरी जाईल. मला आतही टाकतील. एडिनाचे दिवस भरत आलेत.

लोंबे


चिलुंगा
४ ऑक्टोबर १९९८

लोंबे,

ये.

तुझं पत्र वाचून मी आधी कसावा सोलायला बसले. रागात माझे हात चांगले चालतात. चार टोपल्या झाल्यावर हे लिहिते आहे, त्यामुळे शिव्या कमी आहेत.

तू चोर नाहीस. मूर्ख आहेस. पण हा मूर्खपणा तुझ्या एकट्याचा नाही. पट्टा बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या कुणापुढेही ते कागद ठेवले असते तर त्याने सही केली असती. मेलेल्याचं काम नको म्हणायला आपली जीभच उचलत नाही. हे त्या माणसाने ओळखलं. इथे राहून, आपली न्शिमा खाऊन, आपल्या मयतांना येऊन त्याने हेच शिकून घेतलं.

आता सभेत काय होईल ते मी तुला आज सांगते. तो उठून म्हणेल, "तुमच्यात नाव मरत नाही, तुम्हीच म्हणता. वारसाने सही केली. यात खोटं काय?" आणि सगळे म्हातारे मान हलवतील, कारण ते खरंच आहे. मी उठून कितीही बोलले तरी मी बायको, दुसऱ्या कुळातली. माझं ऐकतील, पण मोजणार नाहीत. ज्याच्यावर नाव आहे तो एकच माणूस त्याला उत्तर देऊ शकतो. तो त्या नावाने बोलला तर म्हातारे टोपी काढून ऐकतात. हीही रीतच आहे. चिसांगाने अर्धी वापरली, उरलेली अर्धी आपल्याकडे आहे.

नोकरी जाईल. तुला खोटा धीर देत नाही. तुरुंगाचं मला माहीत नाही. सही करणाऱ्याचं काय होतं, हे कासोंडे बाईंना मी आधीच विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं, की जो आपणहून येऊन सांगतो त्याला त्या साक्षीदार म्हणून उभं करण्याचा प्रयत्न करतात, पण वचन देत नाहीत. वचन देत नाहीत म्हणून मला त्या बाईचा भरवसा वाटतो.

एडिनाला आज सांग. बायकोला सगळ्यात शेवटी सांगणारा माणूस घरातही हरतो आणि बाहेरही.

सतरा तारखेला सकाळच्या बसने ये. पट्टा बांधून.

मामी


चिलुंगा
१९ ऑक्टोबर १९९८

लोंबे,

कासोंडे बाईंच्या गाडीत बसून तू जबानी द्यायला गेलास, तेव्हा मला तुझ्याशी धड बोलता आलं नाही. शिवाय बोलताना तुझं तोंड चिसांगाकडे होतं, पाठीमागचं तुला दिसलं नाही. ते लिहिते.

तो उठला आणि अगदी मी म्हटलं तेच बोलला. नाव मरत नाही, वारसाने सही केली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी तुला शोधत होते आणि तू कुठे दिसत नव्हतास. तेवढा एक क्षण मला वाटलं, बस चुकली म्हणशील.

मग तू आंब्यामागून पुढे आलास. पट्टा कमरेला होता. तू म्हणालास, "मी कपेम्ब्वा." गावप्रमुखांनी टोपी काढली, ते तुला दिसलं. त्यांच्या मागे एकेक करत सगळ्यांनी काढली, ते दिसलं नाही. मासेवाली ती बाई, धुतलेल्या शर्टाची, डोक्याचा रुमाल सोडून उभी राहिली.

"मार्चमध्ये मी जमिनीखाली होतो," तू म्हणालास. "तुम्हीच मला खाली सोडलंत. तिथून मला पेटी दिसली नाही. मी डबे मोजले नाहीत. मी जे पाहिलं नाही त्यावर मी आयुष्यात कधी सही केली नाही. जूनमध्ये या पोराने माझ्या नावाने कोऱ्या कागदांवर केली. पोर चुकलं. कागद भरणारा चुकला नाही, त्याने ठरवून भरले."

म्हातारा न्कोले मागून ओरडला, "कपेम्ब्वा, खाली शाई बरी मिळाली का रे?" सगळे हसले, आणि चिसांगा संपला. तुझं बोलणं खोडता आलं असतं, पण त्या हसण्यावर त्याच्याकडे औषध नव्हतं. तो म्हणत होता, "हा पोरगा घाबरलाय, याला शिकवलंय," पण लोक त्याच्याकडे बघतच नव्हते.

मी रडले नाही. "मी जे पाहिलं नाही त्यावर सही केली नाही," हे तुला कुणी सांगितलं होतं? मी नाही. आवाजही तुझा नव्हता. मी खाली बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर तू दिसला असतास, आणि मला आणखी थोडा वेळ तो हवा होता.

तुमची गाडी गेल्यावर बायका टपरीवर गेल्या. कुणी दगड उचलला नाही, मी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही फक्त घासलेल्या शिक्क्यांचे डबे रस्त्यावर ओळीने मांडले आणि कासोंडे बाईंचा माणूस येईपर्यंत दोन्ही बाजूंनी बसून राहिलो. एकशे चौदा होते. टपरीवाला म्हणाला, "मावशी, ऊन लागेल, आत बसा." तेव्हा कळलं की वारा फिरला.

कळव काय झालं ते. एडिनाला सांग, बाळंतपणाला मी येते आहे, विचारत नाही.

मामी


मानसा
२९ नोव्हेंबर १९९८

मामी,

तू जाऊन आठवडा झाला आणि एडिना अजून म्हणते की घरात तुझी धडपड ऐकू येते. मुलगी छान दूध पिते.

कासोंडे बाईंकडून निरोप आला. जबानीच्या वेळी दोन दिवस मला कोठडीत ठेवलं होतं, पण आता मी साक्षीदारच आहे. खटला जानेवारीत उभा राहील. चिसांगा पगाराविना घरी आहेत आणि कोठारातला एक वरचा साहेबही त्यांच्याबरोबर आहे. तारखा त्याच्या हातच्या निघाल्या.

नोकरी गेली ते तू पाहिलंसच. सोमवारपासून माशांचा ट्रक चालवतो. कपड्यांना वास येतो, पगार कमी, मालक तोंडाळ. पण काल नाक्यावर पोलिसाने थांबवलं आणि कागदावर नाव वाचून म्हणाला, "चिलुंगाचे कपेम्ब्वा? ते जमिनीखालचे?" आणि काही न मागता फळी वर केली.

एकोणीस तारखेला तू इथेच होतीस, वर्ष झालं त्या दिवशी. तू काही बोलली नाहीस, दिवसभर दुपटी शिवलीस. मीही बोललो नाही. बोलायला हवं होतं का?

कपेम्ब्वा
(बघ, लिहून पाहिलं)


चिलुंगा
१३ डिसेंबर १९९८

कपेम्ब्वा,

नको होतं. दुपट्यांनी काम भागलं.

गावाने समितीवर मला घेतलं. गावप्रमुख म्हणाले, "नाव वारसाकडे, पण मोजणी विधवेकडे. रीतीत बसतं का?" न्कोले म्हणाला, "बसत नसेल तर थोडं सरकून घ्या." झालं.

गुरुवारी नवी पेटी आली. नवे साहेब तरुण आहेत, सभ्य आहेत, सारखं आई म्हणतात. मी पेटी ओट्यावर आणायला लावली. सील सगळ्यांनी पाहिलं, चोलानेसुद्धा बोट लावून पाहिलं. कात्रीने फीत कापली, डबे बाहेर काढले. यादीत हिवतापाच्या गोळ्यांचे बारा, समोर दहा.

"आई, दोनचं काय एवढं," साहेब म्हणाले. "रस्ता खराब आहे, एखादा डबा इकडे तिकडे होतोच. करा सही."

"रस्त्याला हिवताप होतो का?" मी विचारलं.

ड्रायव्हर चिडला. तुझ्या जागी आलेला, धिप्पाड. "अकरा वर्षं गाडी चालवतोय, मला कुणी असं थांबवलं नाही. मला अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"मग बस सावलीत. न्शिमा टाकते, मासे आहेत. जेवून होईपर्यंत डबे आठवतील."

तो जेवला. सावकाश जेवला. ओट्यावर तीसेक बायका बसल्या होत्या, नुसत्या त्याला जेवताना बघत होत्या. हात धुऊन तो गाडीकडे गेला, सीटखाली वाकला आणि दोन डबे काढून आणले. "घरंगळले असतील," म्हणाला.

"घरंगळतात," मी म्हटलं. "सीलबंद पेटीतूनसुद्धा घरंगळतात."

बारा मोजले. कागद सुलटा धरून शेवटपर्यंत वाचला, मग सही केली. फोस्टिना. शाई कोरडी होईपर्यंत हात ठेवून बसले.

गाडीत चढताना ड्रायव्हर म्हणाला, "बाई, दर वेळी तुम्हीच असणार का?"

"जिवंत आहे तोवर मीच," मी म्हटलं. "मेल्यावर करणार नाही. कोठारात सगळ्यांना सांगून ठेवा."

तुझी मामी